गाईचें बीज काढतांना भूल कोणती द्यावी?

उत्तम दुधाच्या गाईचें बीज काढून, काचेच्या भांड्यांत त्याचा वळूच्या रेताशीं संयोग घडवून, तयार झालेला गर्भ दुसऱ्या गाईच्या पोटीं ठेवण्याची विद्या आतां आपल्या गोठ्यांपर्यंत आली आहे. अमेरिकेंत असें पहिलें वासरूं १९८१ सालीं झालें. कर्नाल येथील राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेंत म्हशीचें रेडकूं १९९० सालीं. या कामीं खर्च मोठा, म्हणून वळू कोणता, गाय कोणती, याची चौकशी शेतकरी बारकाईनें करितो. भूल कोणती, हें मात्र तो सहसा विचारीत नाहीं.

एका गोठ्यांत आम्हीं हें काम भुलेवांचून चाललेलें पाहिलें. गाय खोड्यांत होती, पण सारखी कुंथत होती. डॉक्टर आंतड्यांतून बीजकोश धरीत, आणि प्रत्येक कळेसरशीं तो हातून निसटे. सुई रक्त घेऊनच बाहेर आली. घाई कोणाची होती, तें असो. त्रास मुक्या जनावरास झाला आणि बीजें हातीं लागलीं तीं थोडींच.

खरी रीत अशी. शेपटी पंपाच्या दांड्याप्रमाणें वरखालीं हलविली म्हणजे तिच्या मुळाशीं एक खळगा बोटास लागतो. तेथील केस काढून, जागा स्वच्छ करून, कण्याच्या पोकळींत दोन टक्के लिग्नोकेनचे सुमारें ५ मिलिलिटर टोंचतात. थोड्याच वेळांत शेपटी लुळी पडते, कुंथणें थांबतें, गाय मात्र पायांवर उभी राहते. मात्रा वाढली तर मागचे पाय लटपटून ती खालीं बसते, आणि खोड्यांत बसलेली गाय सोडविणें हें काय संकट आहे, तें ज्यानें सोसलें त्यासच ठाऊक!

बुजऱ्या गाईस कोणी झायलाझिनही देतात. तें शांत करितें खरें. घोड्यास लागते त्याच्या सुमारें दहाव्या हिश्शानेंच गाय गुंगते. परंतु त्यानें गर्भाशय आखडतें, शिवाय पोट फुगण्याचें भय. बीज देणाऱ्या गाईचें गर्भाशय बहुधा रिकामें असल्यानें तिला पहिला दोष फारसा बाधत नाहीं. ती गाभण असल्यास मात्र डॉक्टरांस आधींच सांगावें. ज्या गाईच्या पोटीं सात दिवसांचा गर्भ ठेवावयाचा, तिची गोष्ट निराळी. आखडणाऱ्या गर्भाशयांत तो टिकण्याची आशा कमीच धरावी. तिला शेपटीजवळचें टोंचणेंच पुरे, असें आमचें मत आहे.

औषधाचें नांव व मात्रा वहींत लिहून घ्यावी, आणि त्या गाईचें दूध किती वेळ डेअरीस घालूं नये, हेंही त्याच वेळीं विचारावें.