नावात फरक आहे

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात पलटणीतून पेन्शनीवर आलेला माणूस वारला, की तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो, सोसायटीचे चेअरमन येऊन बसून जातात, पाहुणे 'काही लागलं तर सांगा' म्हणतात. पाहुणे पांगले की पत्र्याची ट्रंक उघडली जाते. खाकी पाकिटातलं डिस्चार्ज बुक, घडीवर फाटत आलेली पीपीओ (पेन्शनीचा आदेश), कॅन्टीन कार्ड, एखादा जुना मनिऑर्डर फॉर्म एवढा ऐवज त्यात असतो. धाकटा मुलगा ही चळत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतो आणि आईला घेऊन बँकेत जातो. फॅमिली पेन्शन सुरू करायची असते. खिडकीपलीकडचा कारकून दोन कागद शेजारी-शेजारी ठेवतो आणि म्हणतो, 'नावात फरक आहे.'

फरक असतोच. माहेरची हिराबाई लग्नात लक्ष्मी झाली. नवऱ्यानं पलटणीत नाव लिहून दिलं ते हिराबाई. रेशनकार्डावर लक्ष्मीबाई, आधारवर नुसतंच लक्ष्मी, आणि पासबुकात आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून आधारवर 1 जानेवारी छापून आली आणि फौजेच्या कागदावर ती जागा कोरीच राहिली. नवरा जिवंत होता तोवर यातल्या एकाही गोष्टीनं कुणाचं अडलं नाही. तो गेल्यावर सगळ्यांनीच अडतं.

सैनिकांच्या कुटुंबांना मदत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सत्कार, शाल-श्रीफळ आणि स्मारकं येतात. सातारा जिल्ह्याला त्याचं वावडं नाही. मिलिटरी अपशिंगे या गावानं पहिल्या महायुद्धात 46 माणसं गमावली. त्यांच्या नावानं इंग्रजांनी उभारलेला दगड आजही तिथे आहे आणि गावाच्या नावातच 'मिलिटरी' जाऊन बसलंय. देशातली पहिली सैनिक शाळा 1961 साली साताऱ्यात निघाली. पण या जिल्ह्यातल्या माजी सैनिकाला आणि त्याच्या बायकोला रोज जी मदत लागते, ती बहुतेक कागदाची असते, आणि ती देणारं टेबल गावापासून किती लांब आहे, यावर ती मिळणार की नाही हे ठरतं.

ते टेबल साताऱ्यात आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. या व्यवस्थेचं मूळ 1919 सालच्या इंडियन सोल्जर्स बोर्डात सापडतं. पहिलं महायुद्ध संपलं, मराठा पलटणी मेसोपोटेमियातून, कूतच्या वेढ्यातून उरतील तेवढ्या परतल्या, आणि परतलेल्यांचं काय करायचं, हा प्रश्न सरकारपुढे आला. त्या बोर्डाचं आजचं रूप म्हणजे दिल्लीचं केंद्रीय सैनिक बोर्ड. राज्यात पुण्याचा सैनिक कल्याण विभाग आणि त्याच्या हाताखाली जिल्ह्याजिल्ह्यातली कार्यालयं. जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, कार्यालय सैनिक कल्याण अधिकारी चालवतात आणि गावोगावच्या माणसांशी खरा संबंध येतो तो कल्याण संघटकाचा. हे पद फारसं कुणाला माहीत नाही. माझ्या मते सगळ्या यंत्रणेतलं सर्वांत उपयोगाचं पद तेच.

कारण कल्याण संघटकाला हिराबाईची लक्ष्मी कशी झाली, ते समजावून सांगावं लागत नाही. नाव दुरुस्तीचा रस्ता कसा जातो, हे त्याला पाठ असतं. जवान नोकरीत असताना लग्न, मूल, नावातला बदल ही प्रत्येक घटना युनिटमार्फत पार्ट टू ऑर्डरमध्ये नोंदवायची असते. ती राहून गेली, तर पेन्शनीवर आल्यावर रेकॉर्ड ऑफिस गाठावं लागतं. गडी मराठा लाइट इन्फन्ट्रीचा असेल तर बेळगाव, महार रेजिमेंटचा असेल तर मध्य प्रदेशातलं सागर, बॉम्बे सॅपर्सचा असेल तर खडकी. प्रतिज्ञापत्र, दोघांचा जोड फोटो, ओळखीचे पुरावे तिकडे जातात. तिथून प्रकरण प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयात, आणि तिथून दुरुस्तीची पीपीओ निघते. सातारा, बेळगाव, प्रयागराज आणि परत. यातला एक कागद कमी पडला, तर सगळा फेरा पहिल्यापासून.

त्यात आता 'स्पर्श' आलं आहे. संरक्षण खात्यानं पेन्शनीचा सगळा कारभार या ऑनलाइन प्रणालीवर नेला. पूर्वी बँक पेन्शन काढायची, आता ती थेट खात्यावर येते. व्यवस्था चांगली आहे, पण तिच्यासाठी मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा, ओटीपी यायला हवा, आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायला हवा. दाखला राहिला की पेन्शन थांबते. बोटांचे ठसे झिजलेल्या म्हातारीला मशीन ओळखत नाही, तेव्हा तिला हयात ठरवण्यासाठी गावातला एखादा निवृत्त सुभेदार किंवा हवालदार तिला दुचाकीवर बसवून सेवा केंद्रात नेतो. पिंपोडे, वाठार, रहिमतपूर या पट्ट्यात असे हवालदार कुणाला शोधावे लागत नाहीत. गावातल्या माजी सैनिक संघटना म्हणजे बहुतेक ठिकाणी हीच दोन-चार माणसं.

कागदावरच्या जन्मतारखेला एवढं महत्त्व का, हेही सांगायला हवं. पेन्शनर किंवा फॅमिली पेन्शनर 80 वर्षांचा झाला की मूळ पेन्शनीत 20 टक्के वाढ होते. 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50 टक्के, आणि शंभरी गाठली तर पेन्शन दुप्पट. आता ज्या बाईची जन्मतारीख पीपीओवर नाहीच, तिचं ऐंशीवं साल सरकारदरबारी उजाडणार कसं? पंच्याऐंशीची होऊनही ती साठीच्या बाईएवढीच पेन्शन घेत राहते आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नसतो. ही रक्कम कुणी लुबाडलेली नसते. मागितलीच गेलेली नसते.

फॅमिली पेन्शनचेही प्रकार आहेत, आणि तिथे फरक मोठा आहे. साधी फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या 30 टक्के. मृत्यू नोकरीशी निगडित कारणानं झाला असेल तर स्पेशल फॅमिली पेन्शन, 60 टक्के. लढाईत किंवा अतिरेक्यांशी चकमकीत आलेल्या मरणाला लिबरलाइज्ड, म्हणजे शेवटच्या पगाराएवढी. कोणतं मरण कोणत्या रकान्यात जाईल, यावरून वर्षानुवर्षं वाद चालतात. त्यासाठी 2009 पासून सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे आणि त्याचं एक खंडपीठ मुंबईत बसतं. कोरेगावातून मुंबईला वकील गाठायचा म्हणजे शेतातलं एखादं पीक त्या कामी लावायचं.

इथे एक नवी गोष्ट घडली आहे आणि तिची म्हणावी तेवढी चर्चा झालेली नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं 26 जुलै 2025 ला, कारगिल विजय दिनी, 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली. सैनिक बोर्डांच्या कार्यालयांतच मोफत कायदा सल्ला केंद्र असावं, तिथे पॅनेलवरचे वकील बसावेत आणि सोबतीला विधी स्वयंसेवक म्हणून शक्यतो माजी सैनिक किंवा त्यांच्या घरातली माणसं असावीत, असा तिचा आराखडा आहे. आपल्या भागात याची गरज पेन्शनीपेक्षाही शेतीच्या बांधाला आहे. जवान लडाखला असतो आणि इकडे भावकी बांध कोरते, वाटणीत नाव डावलते, तारखेला तो हजर नाही म्हणून निकाल दुसऱ्या बाजूला जातो. अशा जवानांना संरक्षण देणारा कायदा 1925 पासून आहे. पण तालुका कोर्टात कुणीतरी उठून तो सांगावा लागतो. आजवर यावरचा गावठी इलाज म्हणजे कमांडिंग ऑफिसरचं जिल्हाधिकाऱ्यांना डीओ लेटर, म्हणजे अर्धशासकीय पत्र. ते आलं की तलाठी-सर्कल जरा हलतात. जवानाची बदली झाली की पत्र फायलीत आणि बांध भावकीत.

आरोग्याचंही तसंच. माजी सैनिकांची ईसीएचएस योजना 1 एप्रिल 2003 ला सुरू झाली. साताऱ्याला पॉलिक्लिनिक आहे. तिथून रेफरल घ्यायचं आणि यादीवरच्या रुग्णालयात जायचं. रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर माणूस यादी बघत नाही, जवळचा दवाखाना गाठतो. त्याचंही बिल मिळू शकतं, मात्र 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवलेलं असावं लागतं. हा 48 तासांचा नियम प्रत्येक माजी सैनिकाच्या घरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवण्यासारखा आहे. घरच्यांना तो कळतो तो बहुधा तिसऱ्या दिवशी.

सगळ्यांत दुबळा गट कोणता विचाराल तर ज्यांना पेन्शनच नाही तो. पेन्शनीला जवानाची पंधरा वर्षं भरावी लागतात. काही जण त्याआधीच घरी आले, कुणी तब्येतीमुळे, कुणी घरच्या अडचणीमुळे. पासष्टीपुढच्या अशा माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्राच्या निधीतून दरमहा अनुदान मिळतं. हवालदार हुद्द्यापर्यंतच्यांसाठी ते आहे, आणि 2025 च्या नोव्हेंबरपासूनच्या अर्जांना 4 हजारांऐवजी 8 हजार रुपये ठरलेत. मुलांच्या शिक्षणाची मदत दरमहा 2 हजार झाली, मुलीच्या लग्नाची 1 लाख. अर्ज ऑनलाइन, पण पडताळणी जिल्हा कार्यालयाची. राज्याच्या बाळासाहेब ठाकरे सन्मान योजनेत घरपट्टीही माफ आहे. ग्रामसेवकाला ते सांगावं लागतं, एवढंच.

वर्तमानपत्रं, म्हणजे आम्हीसुद्धा, वेगळ्या गोष्टी सांगत असतो. पेठचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले, उपचार म्हणून पोहायला लागले आणि 1972 साली हायडेलबर्गला भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्णपदक घेऊन आले. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक 2015 मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले आणि दोन वर्षांत त्यांच्या पत्नी स्वाती स्वतः लेफ्टनंट झाल्या. जावळीतल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे लष्करातून निवृत्त होऊन मुंबई पोलिसांत गेले, ते 26 नोव्हेंबरच्या रात्री कसाबची बंदूक धरून ठेवण्यासाठीच गेले असं वाटावं. या माणसांपुढे मान झुकतेच. पण पेटकरांना ते पदक पद्मश्रीपर्यंत पोचवायला 2018 उजाडावं लागलं. असामान्यांची ही गत, तर ज्यांच्यावर कधीच बातमी होणार नाही त्यांच्या फायलीची काय असेल, हे सांगायला नको.

आणि पस्तिशी-चाळिशीत घरी आलेल्या जवानाच्या मनाचं कोण बघतं? राज्यात वर्ग 3 आणि 4 च्या भरतीत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे, राज्याच्या माजी सैनिक महामंडळामार्फत, म्हणजे 'मेस्को'मार्फत, सुरक्षारक्षकाची कामं मिळतात. नोकरी लागते. पण काल दहा माणसांच्या सेक्शनला कॉशन देणारा आज सोसायटीच्या गेटवर गाड्यांचे नंबर लिहितो, रात्री झोप लागत नाही आणि घरातल्यांशी बोलणं जमत नाही. अमेरिकेनं व्हिएतनाममधून परतलेल्यांसाठी 1979 साली गावोगावी 'व्हेट सेंटर' काढली, ती मुद्दाम रुग्णालयापासून वेगळी ठेवली आणि सल्ला द्यायला माजी सैनिकच बसवले. आपल्याकडे हे काम कॅन्टीनच्या रांगेत होतं. दोन तास रांगेत उभं राहून माणसं जुन्या पोस्टिंगच्या गप्पा मारतात आणि थोडी हलकी होऊन घरी जातात. त्या रांगेला कुणी योजना म्हणत नाही.

पुढे आणखी एक प्रश्न उभा राहतोय. 2022 च्या अग्निपथ योजनेतली पहिली मुलं चार वर्षं पुरी करून परत येण्याची वेळ आली आहे. चारातला एक जण फौजेत राहील, बाकीच्यांना सेवानिधीची साधारण पावणेबारा लाख रुपये रक्कम मिळेल. पेन्शन नाही, ईसीएचएस नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. मग ती कोणत्या टेबलापुढे उभी राहणार? ज्या तालुक्यात दहावी झाली की मुलं पहाटे पळायला जातात, तिथे याचं उत्तर दिल्लीवर सोडून चालणार नाही.

2022 मध्येच राज्यातल्या काही जिल्ह्यांत 'अमृत जवान अभियान' राबवलं गेलं. महसूल आणि पोलीस खात्यानं सैनिकांची रखडलेली कामं हाती घेतली. तालुक्याच्या पातळीवर ती सुटू शकतात, हे त्यातून दिसलं. अभियानाला मुदत असते आणि नावातल्या फरकाला नसते. म्हणून कोरेगावच्या तहसील कचेरीत आठवड्यातून एक ठरलेला दिवस कल्याण संघटकानं बसावं. बाजाराचाच दिवस ठरवला तर उत्तम, म्हणजे वाडीवस्तीवरची बाई वेगळं भाडं न खर्चता येईल. सोबत स्पर्श जाणणारा एक मुलगा आणि महिन्यातून एकदा विधी प्राधिकरणाचा वकील. यासाठी नवी इमारत लागत नाही, कोनशिला लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी, म्हणजे सैनिक बोर्डाच्या अध्यक्षांनी, एक आदेश काढला तरी पुरे.

तोवर माजी सैनिक वाचकांना एक विनंती. आज रविवार आहे, ट्रंक काढा. पीपीओवर बायकोचं नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे आहे का बघा. बँक खातं तिच्यासोबत जोडखातं आहे का बघा. स्पर्शचा पासवर्ड आणि ईसीएचएस कार्ड कुठे ठेवलंय, ते तिला दाखवा. फरक आढळला तर तुम्ही स्वतः, तुमच्या सहीनं अर्ज करा. तुमच्या सहीवर जे काम एका अर्जात होईल, त्यासाठी तुमच्यामागे तिला दारोदार हिंडावं लागेल.