क्ष-किरणांना चुंबक कसा दिसतो?

धुळ्याच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: क्ष-किरण हाडं दाखवतात, पण चुंबकत्व कसं दाखवतील? प्रश्न रास्त आहे. चुंबकत्वाची हाडासारखी सावली पडत नाही.

कोबाल्टचा तुकडा आतून एकसंध चुंबक नसतो. प्रत्येक वावरात नांगरटीची दिशा वेगळी आणि मधे बांध, तशी त्याची रचना. ही वावरं म्हणजे डोमेन. पिअर वाइस यांनी 1907 मध्ये ती निव्वळ तर्काने मांडली. 1931 मध्ये फ्रान्सिस बिटर यांनी बारीक चुंबकीय भुकटी टाकून बांध उघडे केले. पण प्लॅटिनमच्या थरांखाली दडलेल्या, नॅनोमीटरभर जाडीच्या कोबाल्टपर्यंत भुकटी कशी पोहोचणार?

इथे येतात माझ्या आवडत्या शास्त्रज्ञ, गिजेला श्युट्स. म्युनिकच्या या संशोधिकेने सहकाऱ्यांसह 1987 मध्ये हाम्बुर्गच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे इलेक्ट्रॉन कड्यात धाववून क्ष-किरण मिळवणाऱ्या यंत्रावर, फिरकी घेतलेले, म्हणजे वर्तुळाकार ध्रुवित, क्ष-किरण लोखंडातून पाठवले. चुंबकाची दिशा उलटली की शोषण बदलायचं. फरक हजारात एकाहूनही कमी, आणि तो त्यांनी पकडला! पुढे मऊ, म्हणजे कमी ऊर्जेच्या, क्ष-किरणांत हाच परिणाम कितीतरी पटींनी मोठा निघाला. आज डोमेनची चित्रं छापून येतात तेव्हा कौतुक होतं ते सूक्ष्मदर्शकाचं. श्युट्स यांचं नाव बातमीत क्वचितच असतं. हे मला खटकतं. त्यांच्या त्या फरकाशिवाय ही चित्रं कोरीच राहिली असती.

किरणांची ऊर्जा 778 इलेक्ट्रॉन व्होल्टवर लावली की कोबाल्ट ते अधाशासारखे शोषतो, लोखंडासाठी 707. उजव्या फिरकीने एक चित्र घ्यायचं, डाव्या फिरकीने दुसरं, आणि एकातून दुसरं वजा करायचं. धूळ, ओरखडे, जाडीतले चढउतार दोन्हींत सारखेच, म्हणून ते निघून जातात. उरतात काळ्या-पांढऱ्या, वळणावळणाच्या, शंभरेक नॅनोमीटर रुंदीच्या पट्ट्या, म्हणजेच डोमेन.

असे किरण खान्देशापासून लांब नाहीत. शिरपूर सोडून बिजासन घाट चढला की पुढे इंदूर. तिथे 'इंडस-2' या सिंक्रोट्रॉनच्या 172 मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन धावतात. त्यावरची बीएल-01 बीमलाइन, म्हणजे किरण नमुन्यापर्यंत आणणारी वाट, 100 ते 1200 इलेक्ट्रॉन व्होल्टचे किरण देते. लोखंड, कोबाल्ट, निकेल तिन्ही त्यात बसतात. तिथे प्रामुख्याने फिल्मचं, म्हणजे पातळ थराचं, सरासरी शोषण मोजतात. डोमेनच्या चित्रासाठी मात्र किरण एका बिंदूवर आणणारी झोन प्लेट आणि नमुना नॅनोमीटरच्या पावलाने सरकवणारा मंच लागतो. पण थरातला कोबाल्ट धातूच राहिला आहे की त्याचं ऑक्साइड झालं, हे त्या मोजणीतच कळतं. जळगाव-धुळ्याच्या प्रयोगशाळेत फिल्म बनवणाऱ्याने डोमेन शोधायला निघण्याआधी तेवढं तपासून घ्यावं.