रानभूछत्रांची ओळख : जेसल पार्क परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक :
मीरा-भाईंदरमधील जेसल पार्क ही वसई खाडीकाठची वसाहत आहे. अशा वसाहतींतील हिरवळीवर व झाडांच्या बुंध्यांशी पावसाळ्यात भूछत्रे उगवतात. कोकणातील कुटुंबांना वारुळावरील अळंबीची चव परिचित असते. त्यामुळे पांढरी छत्री दिसताच तिचे स्मरण होते आणि ओळखण्यात चूक घडते.

ओळखीची लक्षणे :
वारुळाची अळंबी ‘टर्मिटोमायसिस’ या प्रजातीतील होय. रॉजे हाइम यांनी १९४२ मध्ये ही प्रजाती प्रस्थापित केली. वाळवी आपल्या घरट्यात ही बुरशी जोपासते. तिच्या बहुतेक जातींत छत्रीच्या मध्यावर टोकदार उंचवटा असतो आणि देठ मुळासारखा जमिनीत खोल, घरट्यापर्यंत गेलेला असतो. याउलट, हिरवळीवर उगवणारे ‘क्लोरोफायलम मोलिब्डायटिस’ हे विषारी भूछत्र पांढऱ्या छत्रीवर तपकिरी खवले, देठावर वलय व फुगीर बुड घेऊन येते. त्याच्या सेवनानंतर काही तासांतच तीव्र उलट्या व जुलाब होतात.

बीजाणूंचा ठसा :
छत्री देठापासून कापून, खालच्या पडद्या कागदाला टेकतील अशी अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवावी व वाटीने झाकावी. रात्रभरात बीजाणूंचा ठसा उमटतो. टर्मिटोमायसिसचा ठसा गुलाबीसर, क्लोरोफायलमचा हिरवट, तर ‘अमानिटा’चा पांढरा असतो. कोवळ्या क्लोरोफायलमच्या पडद्या मात्र पांढऱ्याच असतात. म्हणून केवळ रंग पाहून निर्णय घेऊ नये. नमुना खणून, बुडासह काढावा. अमानिटाची ओळख पटविणारे पेल्यासारखे आवरण मातीतच दडलेले असू शकते.

प्रचलित समज :
चांदीचे नाणे किंवा लसूण काळी पडली नाही, किड्यांनी भूछत्र खाल्ले, म्हणजे ते निर्धोक, हे समज निराधार आहेत. अमानिटाच्या काही जातींतील अमाटॉक्सिन शिजवूनही नष्ट होत नाही. त्याची लक्षणे साधारणतः ६ ते १२ तासांनी दिसतात. पुढे रुग्णास बरे वाटू लागते. परंतु त्याच काळात यकृताची हानी चालू असते. म्हणून उलट्या थांबल्या तरी रुग्णास रुग्णालयात न्यावे व उरलेले भूछत्र सोबत द्यावे.

निष्कर्ष :
अधिवास, देठाचे बुड, वलय, पडद्या व बीजाणूंचा ठसा यांचा एकत्रित विचार केल्यासच ओळख विश्वसनीय ठरते. यांपैकी एकाही लक्षणाविषयी शंका असल्यास ते भूछत्र अभ्यासाचा विषय असावे, आहाराचा नव्हे.