‘आहे’ शेवटी, ‘हॅव’ मध्ये : पूर्ण वर्तमानकाळाचा सराव

मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीच्या पूर्ण वर्तमानकाळाचा, म्हणजेच ‘प्रेझेंट परफेक्ट’चा, नियम पाठ असतो, मात्र नोकरीचा अर्ज लिहिताना वा मुलाखतीत उत्तर देताना नेमका तोच काळ चुकतो. हा काळ मराठीतही आहे आणि अडचणीचे मूळही तेथेच आहे. मराठी वाक्याचा साचा आपण नकळत इंग्रजीवर बसवतो.

‘मी पत्र लिहिले आहे’ या वाक्यात आधी कर्ता, मग कर्म आणि अखेरीस क्रियापद येते; ‘आहे’ तर सर्वांत शेवटी. इंग्रजीत हेच वाक्य ‘आय हॅव रिटन द लेटर’ असे होते. कर्त्यानंतर लगेच ‘हॅव’ किंवा ‘हॅज’, मग मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप आणि त्यानंतर कर्म. नकारार्थी वाक्यात ‘नॉट’ हा शब्द ‘हॅव’च्या पाठोपाठ येतो. प्रश्न विचारताना मराठीत शेवटी ‘का’ जोडले की पुरते; इंग्रजीत ‘हॅव’ कर्त्याच्या आधी येते : ‘हॅव यू रिटन द लेटर?’

‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘नेव्हर’ हे शब्द सामान्यतः ‘हॅव’ आणि मुख्य क्रियापद यांच्यामध्ये बसतात. ‘येट’ मात्र बहुधा वाक्याच्या शेवटी येतो.

दुसरा फरक अधिक सूक्ष्म आहे. ‘तिने पत्रे लिहिली आहेत’ या वाक्यातील ‘आहेत’ हे अनेकवचन ‘पत्रे’ या कर्मामुळे आले. इंग्रजीत कर्माकडे पाहायचे नसते. कर्ता ‘शी’ असल्याने पत्रे कितीही असली तरी ‘शी हॅज रिटन लेटर्स’ असेच म्हणावे लागते.

तिसरा फरक अर्जात हमखास नडतो. ‘मी २०२२ मध्ये बी.कॉम. उत्तीर्ण झालो आहे’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. परंतु ‘आय हॅव पास्ड बी.कॉम. इन २०२२’ ही इंग्रजी रचना चुकीची ठरते. घटनेची निश्चित, सरलेली वेळ सांगितली की इंग्रजीत साधा भूतकाळ येतो : ‘आय पास्ड बी.कॉम. इन २०२२’. ‘यस्टरडे’, ‘लास्ट इयर’ या शब्दांनाही हाच नियम लागू होतो. उलट, ‘मी पाच वर्षांपासून मडगावात राहतो’ या वाक्यात मराठीला साधा वर्तमानकाळ चालतो. इंग्रजीला मात्र ‘आय हॅव लिव्ड इन मडगाव फॉर फाइव्ह इयर्स’ अशी रचना लागते. येथे क्रमही पाहावा : मराठीत आधी काळ आणि मग स्थळ, इंग्रजीत आधी स्थळ आणि मग काळ.

आता पुढील वाक्ये, उत्तरे न पाहता, इंग्रजीत करून पाहावीत :

१. बस आली आहे का?
२. माझ्या भावाने नुकतीच दोन पुस्तके घेतली आहेत.
३. आम्ही अजून जेवलो नाही.
४. ते काल पणजीला गेले आहेत.

उत्तरे : १. हॅज द बस अराइव्ह्ड? २. माय ब्रदर हॅज जस्ट बॉट टू बुक्स. ३. वी हॅव नॉट ईटन येट. ४. दे वेंट टू पणजी यस्टरडे.

चौथ्या वाक्यात ‘हॅव’ लिहिले असेल, तर ‘काल’ या शब्दाकडे पुन्हा पाहावे. रोज स्वतःच्या दिनक्रमातील अशी पाच वाक्ये लिहावीत आणि मोठ्याने म्हणावीत. शब्दांचा क्रम जिभेवर रुळला की मुलाखतीत नियम आठवत बसावे लागत नाही.