पंचनाम्यात न येणारी पत

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरची घाऊक कापडपेठ आपल्या अनेक वाचकांच्या परिचयाची आहे. लग्नसराईच्या खरेदीसाठी तेथे जाणाऱ्यांना या वस्तीचा पूर्वेतिहास मात्र क्वचितच ठाऊक असतो. १९४३ मध्ये वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांसाठी छावणी उभारली गेली. १९४८ मध्ये ती रिकामी झाली आणि त्याच बराकींत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली.

शिकारपूरच्या सराफांची हुंडी एके काळी मध्य आशियापर्यंत वटत असे. त्याच सिंधमधून आलेल्या व्यापाऱ्याला येथे ओळखणारे कोणी नव्हते. बँक तारण, जामीन आणि मागील ताळेबंद मागते. निर्वासितापाशी तिन्ही नसतात. म्हणूनच १९४८ च्या कायद्याने सरकारने पुनर्वसन वित्त प्रशासन स्थापून विस्थापितांना धंद्यासाठी कर्जाची स्वतंत्र सोय केली, हे योग्यच झाले.

परंतु कर्ज म्हणजे धंदा नव्हे. सिंधी व्यापाऱ्यांनी अल्प नफा आणि जलद उलाढाल हा मार्ग धरला. त्याचे गणित सोपे आहे. १,००० रुपयांचे भांडवल १० टक्के नफ्यावर वर्षातून दोनदा फिरले तर २०० रुपये सुटतात. ४ टक्क्यांवर बारा वेळा फिरले तर ४८०. शिवाय दर फेरीला माल देणाऱ्याची रक्कम वेळेवर पोहोचते आणि नवे नाव बाजारात रुजते.

निर्वासित केवळ सीमेपलीकडूनच येतात असे नाही. उजनीच्या जलाशयात इंदापूर तालुक्यातील गावे बुडाली. पुनर्वसनाचा हिशोब मुख्यतः जमिनीचा आणि घरांचा झाला. त्याच तालुक्यातील नीरेकाठच्या निरवांगीसारख्या गावात दुकान कसे चालते, हे आपण जाणतोच: उसाचे बिल जमा होईपर्यंत उधारीची वही. गाव उठून गिऱ्हाईक चार वसाहतींत पांगले, तर ती वही रद्दीच्या मोलाची ठरते. तिचा पंचनामा कोणी करीत नाही.

अशा दुकानदाराला देणगी देणारे भेटतात. माल उधार देणारा भेटत नाही. घाऊक व्यापाऱ्याने त्याला पहिला माल तीस दिवसांच्या मुदतीवर द्यावा. रक्कम लहान असावी, बुडाली तरी पेढीला झळ न लागणारी. मुदतीत पैसे आले की पुढची फेरी दुप्पट करावी आणि वर्षाअखेरीस त्याच्या खात्याचा उतारा सहीशिक्क्यानिशी त्याच्या हाती द्यावा. बँकेच्या दारात दाखवण्याजोगा तो त्याचा पहिला कागद असेल.