नूडल्स वेळताना

‘मराठी विभागासाठी काहीतरी टेक्निकल लिहा’ अशी नोटीस मेसच्या बोर्डावर लागली आणि रोबो, उपग्रह, सोलर कार असले भारदस्त विषय माझ्या मैत्रिणींनी पटापट पळवले. माझ्या वाट्याला उरल्या नूडल्स. हसू नका. सोलर कारमुळे आमच्या घरी अजून कोणी भाजलेलं नाही, नूडल्समुळे भाजलंय. (आणि हो, मी दहा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढली आहेत, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं श्रेय संपादकांना, बाकीच्या चुका माझ्या.)

गोष्ट गेल्या फेब्रुवारीतली. आईचं ऑपरेशन झालं होतं, बाबा तिच्याजवळ थांबले होते. नाशिकच्या घरी मी आणि दहावीला असलेला माझा धाकटा भाऊ. पोळी-भाजीला तो वैतागला म्हणून मी हक्का नूडल्सचं पाकीट आणलं. होस्टेलवर दोन वर्षं मॅगी केलेली, म्हणजे मी तर एक्सपर्टच! दोन कप पाणी घेतलं, त्यात अख्खं पाकीट टाकलं, वर झाकण ठेवलं. थोड्या वेळात फेस उतू गेला, गॅस विझला आणि पातेल्यात खळीसारखा एक गिच्च गोळा तयार झाला. तो सरळ टाकून द्यावा लागला.

इथे माझी पहिली चूक. मॅगीच्या जातीच्या इन्स्टंट नूडल्स कारखान्यातच वाफवून तळलेल्या असतात. जपानमध्ये मोमोफुकु आंदो यांनी 1958 साली हीच युक्ती बाजारात आणली. तळताना आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि बारीक बारीक छिद्रं राहतात. नंतर गरम पाणी त्या छिद्रांतून झटकन आत शिरतं. पाणीही तेवढंच घालायचं असतं, कारण ते मसाल्यासकट आपण खाणारच असतो. हक्का नूडल्स तळलेल्या नसतात, त्या घट्ट असतात. त्यांना पाणी प्यायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात वरचा स्टार्च सुटून पाण्यात उतरतो. गव्हाचा स्टार्च साधारण 60 अंशांच्या आसपास फुगून चिकट व्हायला लागतो. पाणी कमी असलं की त्याची खळ होते, पाणी भरपूर असलं की तो पातळ होऊन जातो. म्हणून 100 ग्रॅम नूडल्सना एक लिटर पाणी, म्हणजे 150 ग्रॅमच्या पाकिटाला दीड लिटर. झाकण नको, कारण स्टार्चमुळे बुडबुडे टिकतात आणि फेस वर चढतो. गॅस विझून तसाच सुरू राहिला तर काय होईल हे मी इंजिनिअरांना सांगायला नको.

दोन गैरसमज जाता जाता. पाण्यात मीठ घालतात ते चवीसाठी. लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम मीठ घातलं तर उत्कलनबिंदू जेमतेम 0.17 अंशाने वाढतो. नाशिकला पाणी मुळात 98 अंशांच्या आसपासच उकळतं, तिथे या एवढ्याशा वाढीचं काय कौतुक! तसंच उकळत्या पाण्यात तेल घालून नूडल्स मोकळ्या होत नाहीत. तेल वर तरंगतं, फार तर फेस कमी करतं. तेल लावायचं ते निथळल्यावर.

दुसऱ्यांदा मी मोठं पातेलं घेतलं, पाणी भरपूर, झाकण नाही. नूडल्स छान शिजल्या. आता पाणी काढायचं. चाळणी काही सापडेना. मग मी ओढणीची टोकं दोन्ही हातांत धरून पातेलं उचललं, झाकण थोडं सरकवलं आणि बेसिनवर कलतं केलं. फटीतून वाफ थेट मनगटावर आली. हात सुटला. भाऊ ताटली घेऊन शेजारीच उभा होता, पाणी त्याच्या उजव्या पावलावर गेलं.

थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरला स्टीम टेबल कोळून प्यायलेली मुलगी मी. एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे 2260 ज्यूल उष्णता बाहेर पडते, आणि एक ग्रॅम उकळतं पाणी 40 अंशांपर्यंत निवताना फक्त 250. म्हणजे वाफ जवळजवळ नऊपट. हे मला परीक्षेत माहीत होतं, ओट्यापाशी नव्हतं. मी टूथपेस्ट आणायला धावले. शेजारच्या काकू ओरडा ऐकून आल्या, त्यांनी त्याला सरळ मोरीत बसवलं आणि पाऊल नळाखाली धरलं. वीस मिनिटं! साधं वाहतं पाणी. बर्फ नाही, हळद नाही, टूथपेस्ट तर नाहीच. मग स्वच्छ ओल्या कपड्यात पाय गुंडाळून डॉक्टरांकडे. बोर्डाचा पहिला पेपर त्याने एका पायात बूट आणि दुसऱ्यात चप्पल घालून दिला.

आजीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, वेळता येत नाही तर पातेलं उचललंस कशाला?” मला वाटलं ती ‘वेळ’ म्हणजे टाइमबद्दल बोलतेय. तर नाही! शिजलेल्या भातातलं जास्तीचं पाणी काढणं म्हणजे वेळणं. आजी कोकणातली, तिच्याकडे भात असाच व्हायचा. मे महिन्यात तिने करून दाखवलं. भांडं हवेत धरायचं नाही, बूड टेकलेलं ठेवून फक्त कलतं करायचं. वजन जमिनीवर, हातात फक्त तोल. माझ्या हातात त्या दिवशी दोन किलोंच्या वर वजन होतं, तेही ओढणीने धरलेलं.

आता मी असं करते. आधी चाळणी बेसिनमध्ये ठेवते, मग नूडल्स पाण्यात टाकते. पाकिटावरची वेळ संपायच्या मिनिटभर आधी एक नूडल नखाने तोडून बघते. मधोमध बारीक पांढरा ठिपका दिसला की गॅस बंद. कारण नूडल्स गॅसवरून उतरल्यावरही शिजतच असतात, आतली उष्णता उतरेपर्यंत. पूर्ण शिजवून उतरवाल तर ताटात येईतो लगदा. उकळी बसायला अर्धं मिनिट थांबायचं, गार पाण्याचा नळ सोडायचा, सांडशीने किंवा जाड कोरड्या फडक्याने पातेलं धरायचं (ओलं फडकं नको, त्यातून चटका लगेच लागतो) आणि अंगापासून लांबच्या बाजूला ओतायचं. आसपास कोणी उभं नको. पातेलं जड असेल तर उचलूच नका, झाऱ्याने नूडल्स बाहेर काढा. जपानमध्ये रामेनच्या दुकानांत लांब दांड्याच्या जाळीच्या टोपल्या असतात. टोपली बाहेर येते, पाणी जागच्या जागी राहतं.

चाळणीत आल्याबरोबर गार पाणी ओतायचं. त्याने शिजणं थांबतं आणि वरचा चिकट स्टार्च धुऊन जातो. (पास्त्याला मात्र हे करू नका, तिथे सॉस चिकटायला तोच स्टार्च हवा असतो.) मग चाळणी चांगली झटकून नूडल्स ताटात पसरायच्या, चमचाभर तेल हाताने लावायचं. ओल्या राहिल्या तर कढईत परतताना पुन्हा शिजतात आणि सगळी मेहनत वाया.

आपल्या पॅन्ट्रीत चाळणी नाही, सगळे झाकण सरकवूनच पाणी काढतात, मी पाहिलंय. रेक्टर मॅडमना अर्ज दिला आहे. तोवर माझी चाळणी पॅन्ट्रीच्या खिडकीला टांगलेली असते. खुशाल वापरा, फक्त धुऊन परत टांगा.