तारीख एक, लेखनरीती अनेक
(लिनक्स नव्याने वापरू लागलेल्यांसाठी)

०३/०४/२०२४ ही तारीख कोणती? आपल्या महाविद्यालयात हा प्रश्न कोणालाही विचारला, तरी क्षणाचाही विलंब न लावता ‘तीन एप्रिल’ असे उत्तर मिळेल. हाच प्रश्न अमेरिकेतील एखाद्या विद्यार्थ्याला विचारा; तो तितक्याच खात्रीने ‘चार मार्च’ म्हणून सांगेल. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. घोटाळा होतो तो दोघांच्या मध्ये संगणक येऊन बसतो आणि त्याने कोणाची रीत पाळावी हे त्याला कोणीच सांगितलेले नसते तेव्हा. लिनक्स ही संगणकप्रणाली नव्याने वापरू लागलेल्या विद्यार्थ्यास ही रीत संगणकाला कशी समजावून सांगता येते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो. तारखेच्या बाबतीत मात्र भाषा न बदलताही रीत बदलते. भारत, ब्रिटन आणि अमेरिका या तिन्ही देशांत इंग्रजी चालते. परंतु भारतात व ब्रिटनमध्ये आधी दिवस, मग महिना, मग वर्ष असा क्रम आहे, तर अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर. चीन, जपान व हंगेरी येथे वर्षापासून सुरुवात करून दिवसाकडे येण्याची पद्धत आहे. म्हणजे तारखेची मांडणी हा केवळ भाषेचा प्रश्न नसून प्रदेशाचाही आहे. संगणकावर ‘इंग्रजी’ निवडली की काम झाले असे समजणारा नवखा नेमका येथेच फसतो. कारण इंग्रजी कोणत्या देशाची, हे सांगायचे राहून गेलेले असते.

“एवढ्याशा क्रमाने असे काय बिघडते?” असे कोणी विचारील. थोडे गणित करून पाहू. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांचा आकडा महिन्याचा आकडा म्हणूनही खपू शकतो. अशा तारखा वर्षात १४४. त्यांपैकी ५ मे किंवा ८ ऑगस्ट यांसारख्या, दिवस व महिना यांचा आकडा एकच असलेल्या १२ तारखा वगळल्या, तर १३२ उरतात. वर्षातील ३६५ पैकी १३२ तारखा, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक, उलट वाचल्या तरी ‘खऱ्या’च वाटतात! बाकीच्या तारखांची चूक लगेच पकडली जाते, कारण पंचविसावा महिना कोठेच नसतो. या १३२ मात्र चोरपावलांनी आत शिरतात.

एक उदाहरण घेऊ. इतिहास विभागाचा एखादा विद्यार्थी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची घटनासूची तयार करीत आहे. मुंबई राज्याच्या पुनर्रचनेचा कायदा २५ एप्रिल १९६० चा आणि महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० ची. अमेरिकी रीतीवर असलेल्या संगणकात त्याने ०१/०५/१९६० असे लिहिले, की संगणक ते ५ जानेवारी १९६० असे समजतो. म्हणजे कायदा होण्यापूर्वीच राज्य स्थापन झाले! ‘छोडो भारत’ आंदोलनाचा ०९/०८/१९४२ हा दिवस ऑगस्टातून उचलून ८ सप्टेंबरला नेऊन ठेवला जातो. इतिहासात घटनांचा क्रम हाच विवेचनाचा पाया असतो. तो असा उलटला, तर परिणाम आधी आणि कारण नंतर अशी विचित्र अवस्था होते. शिष्यवृत्तीच्या अर्जाची ०५/०८ ही अंतिम तारीख ८ मे समजली गेली, तर होणारे नुकसान कोणाही विद्यार्थ्यास वेगळे सांगावयास नको.

आता लिनक्सकडे वळू. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकत असलेल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने या प्रणालीचा गाभा लिहावयास घेतला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ‘ग्नू’ या उपक्रमातील साधने त्याला येऊन मिळाली आणि जगभरच्या लोकांनी तो वाढविला. कोणालाही घ्यावी, तपासावी, बदलावी अशी ही मुक्त प्रणाली आहे. अनेक देशांतील माणसे ती वापरणार, तेव्हा प्रत्येकाच्या रीतिरिवाजांची सोय तीत असणे ओघानेच आले. या सोयीला ‘लोकेल’ असे म्हणतात. आपण तिला ‘प्रदेशरीत’ म्हणू. तारखेचा क्रम, वार व महिन्यांची नावे, आठवड्याचा पहिला दिवस, चलनाचे चिन्ह, मोठ्या संख्येत स्वल्पविराम कोठे द्यावा, कागदाचा नेहमीचा आकार कोणता, अशा अनेक गोष्टी या प्रदेशरीतीत नोंदलेल्या असतात.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. लिनक्स आपल्या पोटात तारीख कोणत्याच देशाच्या रीतीने ठेवीत नाही. १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून किती सेकंद लोटले, एवढाच आकडा तो बाळगतो. हा आकडा माणसाला दाखविताना दोन निरनिराळे संस्कार होतात. पहिला कालविभागाचा, म्हणजे घड्याळ कोणत्या गावचे हे ठरविणारा. आणि दुसरा प्रदेशरीतीचा, म्हणजे तारीख लिहावी कशी हे ठरविणारा. शंभर कोटी सेकंद पूर्ण झाले, तेव्हा पुण्यात ९ सप्टेंबर २००१ ची सकाळ होती, सव्वासात वाजून गेले होते. त्याच क्षणी न्यूयॉर्कमध्ये ८ सप्टेंबरची रात्र होती. पुणेकराने ती तारीख ०९/०९/२००१ अशी लिहिली, तर न्यूयॉर्ककराने ०९/०८/२००१ अशी. आणि ती आपण वाचली, तर आपल्या दृष्टीने झाला ९ ऑगस्ट! क्षण एकच. एका दिवसाचा फरक कालविभागाने पडला आणि महिन्याचा भास लेखनरीतीने झाला. म्हणून घड्याळ बरोबर असूनही तारखेचा क्रम उलटा दिसत असेल, तर घड्याळाला हात लावू नये. दुखणे दुसरीकडे आहे.

प्रत्यक्ष बदल करण्याचा सोपा मार्ग खिडक्यांतून जातो. उबंटू किंवा ‘नोम’ हे दर्शनी रूप असलेल्या अन्य लिनक्सवर ‘सेटिंग्ज’ उघडावे. त्यात ‘रीजन अँड लँग्वेज’ हा विभाग असतो; अलीकडच्या आवृत्त्यांत तो ‘सिस्टिम’ या शीर्षकाखाली सापडेल. तेथे ‘लँग्वेज’ आणि ‘फॉरमॅट्स’ अशा दोन वेगळ्या ओळी दिसतील. पहिली ओळ पडद्यावरची भाषा ठरविते, दुसरी प्रदेशरीत. भाषा इंग्रजीच ठेवून ‘फॉरमॅट्स’मध्ये ‘इंडिया’ निवडावे. नंतर सत्रातून बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा. तसे केल्याशिवाय बदल सर्वत्र दिसत नाही आणि नवखा उगाच ‘काहीच झाले नाही’ म्हणून हिरमुसतो. या निवडीबरोबर काही आनुषंगिक फायदेही पदरात पडतात. कागदाचा आकार अमेरिकी ‘लेटर’ऐवजी आपल्याकडील ‘ए-फोर’ होतो आणि मोठ्या संख्या लाख-कोटींच्या हिशेबाने विभागण्याची रीत लागू होते.

दुसरा मार्ग आज्ञांचा. आज्ञा रोमन लिपीतच टंकाव्या लागतात. येथे त्यांचे केवळ उच्चार दिले आहेत. ‘टर्मिनल’ उघडून ‘लोकेल’ (एल-ओ-सी-ए-एल-ई) एवढाच शब्द लहान अक्षरांत लिहून एन्टर कळ दाबली, की सध्याच्या रीतींची यादी पुढे येते. तीत ‘लँग’, ‘एलसी_टाइम’, ‘एलसी_न्यूमेरिक’, ‘एलसी_पेपर’ अशी नावे आणि त्यांच्यापुढे ‘ईएन_यूएस.यूटीएफ-८’ यासारखी किंमत दिसेल. या किमतीची फोड सोपी आहे. आधीची दोन लहान अक्षरे भाषेची, अधोरेषेनंतरची दोन मोठी अक्षरे देशाची आणि बिंदूनंतरचा भाग लिपी साठविण्याच्या पद्धतीचा. ‘ईएन_यूएस’ म्हणजे अमेरिकेची इंग्रजी, ‘ईएन_आयएन’ म्हणजे भारताची इंग्रजी, ‘एमआर_आयएन’ म्हणजे भारतातील मराठी.

या नावांमध्ये अधिकाराची उतरंड आहे. ‘लँग’ हा महाविद्यालयाचा सर्वसाधारण नियम समजा. ‘एलसी_टाइम’ हा तारीख-वेळेपुरता एका विभागाचा खास नियम, आणि तो सर्वसाधारण नियमावर मात करतो. ‘एलसी_ऑल’ ही मात्र प्राचार्यांची सूचना! ती लागली की बाकीचे सगळे नियम गप्प बसतात. म्हणून ‘एलसी_टाइम’ बदलूनही फरक पडला नाही, तर ‘एलसी_ऑल’पुढे काही लिहिले गेले आहे काय, हे प्रथम पाहावे. एरवी ती जागा रिकामी असणेच चांगले.

हवी ती रीत संगणकात उपलब्ध आहे की नाही हे ‘लोकेल’पुढे एक जागा सोडून, आडवी रेघ आणि लहान ‘ए’ लिहिल्यास कळते. यादीत ती नसेल, तर उबंटूवर ‘सुडो लोकेल-जेन’ या आज्ञेपुढे रीतीचे नाव देऊन ती तयार करून घ्यावी. मग ‘सुडो अपडेट-लोकेल’ या आज्ञेपुढे ‘एलसी_टाइम’, बरोबरचे चिन्ह आणि रीतीचे पूर्ण नाव लिहावे, आणि पुन्हा प्रवेश करावा. कायमचा बदल करण्यापूर्वी नमुना पाहावयाचा असेल, तर ‘एलसी_टाइम’ची किंमत लिहून त्याच ओळीत एक जागा सोडून ‘डेट’ ही आज्ञा द्यावी. त्या एका ओळीपुरतीच ती रीत लागू होते; बाकी घडी विस्कटत नाही. ‘एमआर_आयएन’ची रीत वापरून असा प्रयोग केला, तर वार आणि महिन्यांची नावे मराठीत अवतरतात. हा आनंद प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने एकदा तरी घ्यावा.

आता सर्वांत महत्त्वाचा इशारा. ‘लिब्रेऑफिस’ या लेखन व तक्त्यांच्या संचाची स्वतःची वेगळी प्रदेशरीत असू शकते. ‘टूल्स’मधील ‘ऑप्शन्स’मध्ये भाषांच्या विभागात ती दिसते. तेथे ‘डीफॉल्ट’ असेल तर ती संगणकाची रीत पाळते, अन्यथा आपलेच घोडे पुढे दामटते. त्याच्या ‘कॅल्क’ या तक्त्यात तारीख टंकल्याबरोबर तिचे दिवसांच्या आकड्यात रूपांतर होते. चुकीच्या रीतीत १ मे चा ५ जानेवारी एकदा झाला, की नंतर रीत बदलल्याने तो दुरुस्त होत नाही. तोच ५ जानेवारी फक्त आपल्या क्रमाने लिहिलेला दिसतो. म्हणून रीत आधी, नोंदी नंतर, हा नियम कटाक्षाने पाळावा. चूक ओळखण्याची एक खूणही आहे. तारीख म्हणून स्वीकारलेल्या नोंदी चौकटीत उजवीकडे सरकतात आणि न समजलेल्या, नुसता मजकूर म्हणून राहिलेल्या, डावीकडे चिकटतात. एकाच स्तंभात काही तारखा उजवीकडे आणि १२ च्या पुढचे दिवस असलेल्या सगळ्या डावीकडे दिसल्या, तर उजवीकडच्या तारखा उलटल्या आहेत असे खुशाल समजावे. स्वल्पविरामांनी विभागलेली मजकूर-फाइल उघडताना तारखेच्या स्तंभासाठी ‘दिवस-महिना-वर्ष’ हा प्रकार निवडण्याची सोय पुढे येते. ती घाईघाईने ओलांडून जाऊ नये.

प्रदेशरीतीची एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. ती लेखनाचा क्रम बदलते, कालगणना नव्हे. मराठी रीत निवडली म्हणून लिनक्स आपणांस चैत्र-वैशाख दाखवीत नाही आणि २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेले भारतीय राष्ट्रीय पंचांगही तारखेच्या जागी येत नाही. शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. तिचे जुन्या ज्यूलियन गणनेने १९ फेब्रुवारी १६३० आणि ग्रेगोरियन गणनेने १ मार्च १६३० असे रूपांतर होते. हा भेद मांडणीचा नसून गणनेचा आहे आणि तो सोडविण्यासाठी अभ्यासकाला जंत्रीच उघडावी लागते. कोणते काम संगणकावर सोपवावे आणि कोणते आपल्याकडे ठेवावे, याचा विवेक कलाशाखेच्या विद्यार्थ्याने विशेष बाळगला पाहिजे.

शेवटी दोन साध्या सवयी. दुसऱ्या कोणाला पाठवावयाच्या पत्रात किंवा सूचनेत महिना नेहमी अक्षरांत लिहावा. ‘३ एप्रिल २०२४’ या लेखनाचा जगात कोठेही दुसरा अर्थ होत नाही. आणि फाइलींना नावे देताना वर्ष, महिना, दिवस या क्रमाने २०२४-०४-०३ असे लिहावे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयएसओ ८६०१’ या आंतरराष्ट्रीय मानकाने हाच क्रम सांगितला आहे. त्याचा मोठा गुण असा, की नावे अनुक्रमाने लावली, की त्या आपोआप काळाच्या क्रमानेही लागतात.

प्रणाली परदेशी असो वा स्वदेशी, तिला आपली रीत सांगण्याचा अधिकार आपला आहे आणि लिनक्सने तो मोकळेपणाने दिला आहे. मात्र सांगितल्यावाचून तिला कळत नाही. पहिल्या दिवशी पाच मिनिटे खर्चून आपली रीत तिला सांगितली, तर पुढे वर्षभर जमविलेल्या नोंदी पुन्हा तपासत बसण्याची पाळी येत नाही.